नाव सोडून बाकी सगळं

मीरिम लहानपणी काही विचारायची नाही. नुसती शेजारी येऊन उभी राहायची. मी कणीक मळत असले की कोपराला तिच्या डोक्याचा स्पर्श व्हायचा आणि मग मला ओळखत बसावं लागायचं. भूक लागली? नाही. बूट ओले झाले? नाही. कोकरू हरवलं? मान हलायची.

"अगं, तोंड दिलंय ना देवानं?" मी म्हणायची.

तोंड होतं. पण आईला न सांगता सगळं कळतं यावर तिचा इतका विश्वास होता की ते उघडायची तिला गरजच वाटत नसे. आणि मला कळायचंही.

यंत्रांची गोष्ट मात्र वेगळी. त्यांच्यापुढे ती अशी मुकी उभी राहायची नाही. आमच्याकडे दुधातून साय काढायचं जुनं यंत्र आहे. त्याच्या पोटात पत्र्याच्या पातळ चकत्या एकीवर एक बसवलेल्या असतात. एक जरी उलटी लागली तरी दूध भिंतीवर. एके दिवशी मी प्रयोगशाळेतून घरी आले (आमच्या गावात, आत-बाशीत, पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा आहे, तिथे मी काम करते) तर स्वयंपाकघरभर दूध आणि मधोमध मीरिम. सगळ्या चकत्या तिने जमिनीवर ओळीने मांडल्या होत्या. मी ओरडायला तोंड उघडलं, तर तिने हात वर केला. थांब, म्हणून. पुसलं, पुन्हा लावलं, पुन्हा सांडलं. संध्याकाळी मात्र साय एका बाजूने आली आणि दूध दुसऱ्या बाजूने. कोणाला एक शब्द विचारला नव्हता.

अशी ही मुलगी. बिश्केकला कॉलेजात गेली, तिथे तिला तालासचा आदिलेत भेटला, आणि शिक्षण अर्धं टाकून ती दोन घाट ओलांडून तालासला सून म्हणून गेली. सासूने, शाकिनबाईंनी, तिच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधला, तेव्हा मी कोपऱ्यात बसून मोठ्यांदा हसत होते, कारण रडणं बरं दिसलं नसतं.

आम्हा किरगिझांत सुनेने सासऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. थोरल्या दिराचंही नाही. त्या नावात जो शब्द असेल तोसुद्धा टाळायचा असतो. हल्ली शहरातल्या मुली हे हसण्यावारी नेतात. सासरही काही कडक नव्हतं. पण मीरिमने आपणहून पाळलं आणि अगदी मनापासून पाळलं. सासऱ्यांचं नाव ओमुर्झाक. त्यातल्या 'ओमुर'चा अर्थ आयुष्य. म्हणजे तो शब्द तिच्यापुरता बंद. ती 'जगणं' म्हणते, 'दिवस' म्हणते, आणि सासऱ्यांना 'अक्साकाल' म्हणते, पांढऱ्या दाढीचे.

नुरेल जन्मला आणि तो रांगायला लागायच्या आत आदिलेत रशियाला गेला, येकातेरिनबुर्गला, एका गोदामात. जाताना म्हणाला, थोडे दिवस. तिकडे गेलेले सगळे असंच म्हणतात. मग काही महिन्यांनी तो म्हणू लागला की घेवड्याचा हंगाम संपला की मीरिमने पोराला घेऊन तिकडेच यावं. खोली बघून ठेवलीय. तिलाही गोदामात काम मिळेल.

त्याच सुमारास मीरिमने शहरातल्या एका संस्थेचा वर्ग धरला होता. गावोगावच्या मुलींना घरबसल्या प्रोग्रामिंग शिकवायचा. शेवटी प्रत्येकीने काहीतरी स्वतःचं बनवून, ते स्वतःच्या यंत्रावर चालवून दाखवायचं. ज्यांचं चांगलं चालेल त्यांना बिश्केकमध्ये पगाराचं काम.

म्हणजे एकीकडे बिश्केक, दुसरीकडे येकातेरिनबुर्ग. मी नकाशा कधी बघितला नाही. बघितला असता तर रात्री डोळा लागला नसता.

सासरच्या घरात एक लॅपटॉप होता. आदिलेतने जायच्या आधी वडिलांसाठी घेतलेला. ओमुर्झाक वर्षानुवर्षं जनावरांच्या डॉक्टरांचे मदतनीस होते, त्यांना घोड्यांच्या जुन्या शर्यती बघायची आवड. शर्यती बघून झाल्या की यंत्र सुनेचं.

वर्गाचा एक ग्रुप होता, आणि त्यात शिकवणारा कुबात. सगळ्या मुली त्याला कुबात-बाइके म्हणत, म्हणजे कुबातदादा. तिला काही अडलं की ती ग्रुपवर लिहायची: "बाइके, सलाम. बरे आहात ना? घरचे बरे? मुलं बरी? गुरंढोरं ठीक?" आणि थांबायची. मोठ्या माणसाने आपली खुशाली सांगितल्याशिवाय आपलं रडगाणं कसं सुरू करायचं? कुबात दहा कामांत. त्याने संध्याकाळी वाचायचं, 'बरा आहे' लिहायचं. मग हिने आदबीने तासभर जाऊ द्यायचा. तोवर तो झोपलेला.

शेवटी त्याने लिहिलं: "मीरिम, मी बरा आहे. बायको बरी आहे. पोरं बरी आहेत. गुरं माझ्याकडे नाहीत, पाचव्या मजल्यावर राहतो. आता कृपा करून अडलंय काय ते सांग!"

हे तिने मला फोनवर वाचून दाखवलं आणि इतकी हसली की मला तिचं हसणं कानाला चिकटवून ठेवावंसं वाटलं.

कुबातचे नियम होते. काय करायचं होतं, काय केलं, काय होईल असं वाटलं होतं, आणि झालं काय, हे सांगायचं. आपण काय काय करून बघितलं ते सांगायचं. काहीच करून बघितलं नसेल तर त्याच्या दारात यायचं नाही. आणि स्क्रीनवर जे आलं असेल ते जसंच्या तसं द्यायचं. "सजवू नका," तो म्हणायचा. "मला तुमचं मत नकोय, यंत्राचं मत हवंय."

मीरिम शिकली. पहिल्यांदा लिहायची ते अख्खं पान व्हायचं. मग अर्धं. मग असं होऊ लागलं की लिहितालिहिताच तिचं तिला उत्तर दिसायचं आणि ती लिहिलेलं पुसून टाकायची. ग्रुपवर महिनाभर तिचं नाव दिसलं नाही तेव्हा कुबातने विचारलं, "वर्ग सोडलास की काय?"

मला, तिच्या आपाला, म्हणजे आईला, मात्र फोनवर ती पूर्वीसारखंच उत्तर द्यायची. "बरी आहेस ना?" "बरी आहे, आपा." "नुरेल?" "बरा आहे." "आदिलेतचं काय म्हणणं?" "बघू." मागे सासूबाईंची भांडी वाजत असायची, आणि त्या 'बघू'च्या पलीकडे मला काही ऐकू येत नसे. ती माझ्या कोपराशी उभी असती तर मी ओळखलं असतं.

ऑगस्टच्या शेवटी तिचा आवाज बदलला. काम अडलं होतं.

तिने बनवलं होतं ते हरवलेल्या जनावरांसाठी. प्रत्येक घराच्या मेंढ्यांच्या कानाला आपापली खूण कापलेली असते. कुठे खाच, कुठे भोक, कुठे टोक उडवलेलं. परकी मेंढी आपल्या कळपात आली की खूण बघून धनी शोधायचा. ओमुर्झाकना साऱ्या खोऱ्यातल्या खुणा तोंडपाठ. सून कागदावर कान काढायची आणि सासरे सांगायचे, "हा डावा कान, खाच खोल घे, ही माणसं हात राखून काही करत नाहीत." ती सगळी चित्रं तिने प्रोग्राममध्ये घातली. खूण निवडा, धन्याचं नाव नि फोन नंबर समोर.

पण तिच्या यंत्रावर चित्रंच उघडेनात. फाइल सापडत नाही, एवढंच यायचं. आधीचे धडे सगळे इंटरनेटच्या पानावर होते, तिच्या यंत्रात राहणारा हा पहिलाच प्रोग्राम. तिने नियमाप्रमाणे प्रश्न लिहिला. काय करायचं होतं, काय केलं, काय झालं. खाली यंत्राने दिलेली ओळ. कुबातने बघितलं, म्हणाला, "ओळीत तर काही चूक नाही." बाकीच्या मुलींनी तेच सगळं आपापल्या यंत्रावर चालवलं. सगळीकडे चाललं.

"सगळीकडे चालतं आपा. फक्त माझ्याकडे नाही."

"मग दुसऱ्या कोणाचं यंत्र आण."

"कोणाचं? शेजाऱ्यांकडे ट्रॅक्टर आहे." मग म्हणाली, "आणि आदिलेतने तिकिटांची चौकशी केलीय."

मी रजा टाकली. नवरा म्हणाला, "तू जाऊन काय करणार? तुला त्यातलं काय कळतं?" मी म्हटलं, घेवडा निवडायला हात लागतात. वाळवलेलं मांस, कुरुत, म्हणजे दह्याच्या वाळवलेल्या गोळ्या, आणि मेंढीच्या पोटातल्या पिशवीत भरलेलं लोणी घेऊन निघाले. खरं तर मला एकच विचारायचं होतं तिला. तुला जायचंय का तिकडे? आदिलेत काय म्हणतो ते नाही, सासू काय म्हणते तेही नाही. तुला.

आणि विचारायची सोय नव्हती. विहीण म्हणून गेलेल्या बाईला मान असतो, एकांत नसतो. मला दारापासून सगळ्यात लांब, मानाच्या जागी बसवलं. मेंढीचा शेपटाकडचा तुकडा माझ्यापुढे ठेवला. शाकिनबाई एका बाजूला, ओमुर्झाक समोर, शेजारीपाजारी रांगेने. आणि मीरिम पार दाराशी, चहाच्या समोवारजवळ. सुनेची जागा ती. प्याला अर्धाच भरायचा असतो, म्हणजे पाहुणा पुन्हा मागतो. मी पुन्हा पुन्हा मागितला. प्याला हातोहात दारापर्यंत जायचा, तिच्या हातात थांबायचा, आणि भरून परत यायचा.

"विहीणबाईंना आमचा चहा फारच आवडलेला दिसतो," शाकिनबाई म्हणाल्या.

"तालासचं पाणी चांगलं," मी म्हटलं. "मी पाणी तपासते ना, मला कळतं."

पोटात आणखी चहाला जागा नव्हती. तरी मी 'पुरे' म्हणून प्याला उपडा घातला नाही.

दुसऱ्या दिवशी मात्र घेवड्याने सोय केली. अंगणात ताडपत्री पसरली होती, त्यावर पांढऱ्या, तांबड्या, ठिपक्याठिपक्यांच्या दाण्यांचे ढीग. शाकिनबाई नुरेलला पाठुंगळी घेऊन घरात गेल्या. आम्ही दोघी खडे नि फुटके दाणे वेचत बसलो. मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात ती उठली आणि लॅपटॉप घेऊन आली. एक भरलेलं पोतं आडवं करून त्यावर ठेवला.

"आपा, एक काम कर. कुबात-बाइकेंनी विचारलंय, ती ओळ तू हाताने लिहिलीस का? मी म्हटलं, थोडीशी. तर म्हणाले, कोणाला तरी शेजारी बसव. त्याने स्क्रीनवरचं वाचायचं, तू तुझं लिहिलेलं बघायचं. अक्षर न् अक्षर."

"मला काय कळणार त्यातलं?"

"कळायला नकोय. फक्त वाच."

मी चष्मा लावला. ती फोन घेऊन पाठीला पाठ लावून बसली. तिचं डोकं माझ्या खांद्याला लागलं.

"सी," मी वाचलं. "मग दोन टिंबं. मग तिरकी रेघ."

"आहे."

"युझर्स. परत रेघ."

"आहे."

"मग प्रश्नचिन्ह. मग म. परत प्रश्नचिन्ह. मग र... झाक. हे काय गं? ओमुर्झाक?"

"आपा!" तिने दचकून दाराकडे पाहिलं.

"मी काही त्यांची सून नाही. विहीण आहे, मला म्हणता येतं. ओमुर्झाकच लिहिलंय. दोन अक्षरं उडालीत एवढंच. तुझ्याकडे काय आहे?"

तिने फोन छातीशी धरला.

"मीरिम, तुझ्याकडे काय लिहिलंय?"

"अक्साकाल," ती हळूच म्हणाली.

"स्क्रीनवर अक्साकाल कुठंय?"

"मग काय लिहू? ग्रुपवर साठ माणसं आहेत. सगळ्यांपुढे त्यांचं नाव कसं टाकू? नाव सोडून बाकी सगळं जसंच्या तसं आहे, आपा."

मग तिचा दाण्यांतला हात थांबला. ती वळली.

"काय म्हणालीस तू? प्रश्नचिन्हं?"

"ही काय. दोन. तुला दिसत नाहीत?"

तिने वाकून पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"मी त्या जागी बघतच नाही," ती म्हणाली.

जीभ टाळते हे ठाऊक होतं. डोळेही टाळायला शिकतात हे मला ठाऊक नव्हतं.

ती मात्र भराभरा बोलू लागली होती. लॅपटॉप लावून देताना आदिलेतने वडिलांचं नाव घातलं होतं, आपल्या किरगिझ अक्षरांत. त्यातली दोन अक्षरं रशियन लिपीत नाहीत. चित्रं उघडणारा तो प्रोग्राम रशियन अक्षरांवर भागवणारा. बाकी मुलींच्या नावांत ती अक्षरं नसतील, म्हणून त्यांच्याकडे चाललं. "त्याला घराच्या दारावरचं नावच वाचता येत नाही, आपा. मग घरातलं चित्र तो कुठून आणणार?"

"म्हणजे सुटलं!"

"नाही. अजून नुसतं वाटतंय."

तिने आपलं सगळं काम उचलून सासऱ्यांच्या नावाच्या फोल्डरबाहेर, दुसऱ्या एका साध्या नावाच्या फोल्डरमध्ये नेलं. चालवलं. क्षणभर काही झालं नाही, आणि मग कान आले. ओळीने कान. खाचांचे, भोकांचे, टोक उडवलेले. माझे डोळे भरून आले आणि मी म्हटलं, झालं बाई.

"थांब." तोच हात वर. स्वयंपाकघरात दुधाच्या थारोळ्यात केला होता तसा. तिने आणखी एक फोल्डर बनवलं, त्याला 'तळं' असं आपल्या अक्षरांत नाव दिलं, कारण त्या शब्दातही त्या दोनांपैकी एक अक्षर येतं, सगळं त्यात टाकलं, पुन्हा चालवलं. कान गेले. फाइल सापडत नाही.

"बिघडलं!" ती ओरडली. "आपा, बिघडलं!"

शाकिनबाई दारात आल्या. "काय बिघडलं? दूध उतू गेलं का?"

"नाही, एने. बिघडायलाच हवं होतं. आता नक्की कळलं."

शाकिनबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "विहीणबाई, तुमच्या आत-बाशीत मुलींना असंच शिकवतात? आमच्याकडे काही बिघडलं की आम्ही रडतो."

रात्रीच्या जेवणाला बातमी ओमुर्झाकपर्यंत पोचली होती. त्यांनी भाकरी मोडली, सगळ्यांपुढे तुकडे ठेवले, आणि दाराच्या दिशेने न बघता म्हणाले, "माझ्या नावाने यंत्र अडवलं म्हणे."

मीरिम समोवारमागे लाल झाली. "नावाने नाही, अक्साकाल. मी न लिहिल्याने."

"हं." म्हातारा काही वेळ चावत राहिला. "पासपोर्टवर माझं नाव चुकीचं आहे. फौजेच्या कागदावर चुकीचं. पेन्शनच्या कागदावर चुकीचं. टाइप करणाऱ्या बाईकडे ती दोन अक्षरंच नव्हती. ती म्हणायची, काय फरक पडतो आजोबा, जवळपास तेच आहे. आदिलेतने हे यंत्र सुरू केलं तेव्हा पहिल्यांदा मी माझं नाव नीट लिहिलेलं पाहिलं." त्यांनी प्याला पुढे केला. "आता ते बदलणार का?"

"नाही, नाही," मीरिम म्हणाली. "मी माझं काम बाहेर ठेवलंय. तुमचं आहे तसंच राहील."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. "आणि त्या तुमच्या कुबातला सांग, सुनेने लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. हवं तर मी माझ्या हाताने लिहून देतो."

आणि खरंच दिलं. जेवण झाल्यावर तिचा फोन घेऊन, एका बोटाने, अक्षर शोधत शोधत. तिने खाली सगळं लिहिलं. दोष कुठे होता, कसा सापडला, खात्री कशी केली, म्हणजे पुढे कोणाला अडलं तर शोधायला नको. ग्रुपवर सगळ्यांनी वाचलं. मग कुबात: "मीरिम, इतके दिवस तू मला दुसऱ्याच घराचा पत्ता देत होतीस." मग नारिनकडची एक मुलगी: "ताई, बरं झालं. माझ्या सासऱ्यांचं नाव तेमिर, हे आज पहिल्यांदा लिहितेय. आजवर लोखंडालासुद्धा लोखंड म्हटलं नाही." मग आणखी कोणी: "नशीब कोणाच्या सासऱ्याचं नाव फोल्डर नाही." शाकिनबाईंना वाचून दाखवलं तर त्या रुमालाच्या टोकात तोंड लपवून हसल्या. त्यांनाही त्यांच्या सासऱ्याचं नाव आजवर घेता आलं नव्हतं, आणि ते जाऊन वीस वर्षं झाली होती.

मी निघाले त्या सकाळी ती मला गाडीपर्यंत सोडायला आली. नुरेल कडेवर. ड्रायव्हर माणसं भरायची वाट बघत सूर्यफुलाच्या बिया सोलत होता. अजून एक जागा रिकामी होती. तेवढाच वेळ माझ्याकडे होता.

ती येऊन शेजारी उभी राहिली. काही बोलली नाही. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला. मला ओळखता आलं असतं. निदान मी काहीतरी ओळखलं असतं आणि तेच खरं मानून आत-बाशीपर्यंत गेले असते.

"मी ओळखणार नाही," मी म्हटलं. "तू सांग. काम मिळालं तर काय, नाही मिळालं तर काय, ते मी विचारत नाहीये. तुला तिकडे जायचंय का?"

तिने नुरेलची टोपी सारखी केली. पुन्हा सारखी केली.

"नाही," ती म्हणाली. "मला त्याने इकडे यायला हवंय."

"हे तू त्याला सांगितलंस?"

"मी विचारते ना, कधी येणार. तो म्हणतो, येईन."

"हे झालं सलाम-दुआ."

ती हसली. हसता हसता रडली. "हो ना," ती म्हणाली. "कुबात-बाइके असते तर दारातूनच हाकललं असतं."

शेवटची जागा एका म्हाताऱ्या बाईने घेतली, दोन कोंबड्यांसकट. मी खिडकीतून मागे बघत राहिले. ती हात हलवत नव्हती, नुरेलचा हात धरून हलवत होती.

तिचं काम पसंत पडलं. पहिल्या दहांत नाही, पण पसंत पडलं. नोव्हेंबरात ती नुरेलला घेऊन बिश्केकला गेली. एक खोली आहे, खिडकी डोंगराकडे. लॅपटॉप सासऱ्यांनी बरोबर दिला, शर्यती ते आता शेजाऱ्याकडे बघतात. त्यातलं नाव तसंच आहे. आत-बाशीहून बिश्केक तालासपेक्षा जवळ, पण हिवाळ्यात दोलोनच्या घाटात बर्फ साचतं आणि जवळ असणं हे सांगण्यापुरतंच उरतं.

तिने आदिलेतला लिहिलं. मला दाखवलं नाही, पण काय लिहिलं ते सांगितलं. मला काय हवंय. मी काय केलं. पगार किती, भाडं किती, तू आलास तर कसं भागेल, आणि तू इथे कोणकोणतं काम करू शकतोस हे मी कुठे कुठे विचारून ठेवलंय. शेवटी एकच प्रश्न.

आता ती माझ्याशी रोज बोलते. मीही 'बरी आहेस ना' विचारत नाही. आज काय शिजवलंस, पोराचा खोकला सुक्का की ओला, खिडकीतून काय दिसतं, असं विचारते. असं विचारलं की ती सांगते. प्रोग्रामचं काही विचारायची तिला आता गरज पडत नाही, मला तर नाहीच नाही. साय काढायचं यंत्र मी आता एकटीच लावते. चकत्यांचा क्रम नीट असतो, तरी दर वेळी कोपराजवळ रिकामं वाटतं.

परवा ती म्हणाली, "आज नुरेल येऊन शेजारी उभा राहिला. काही बोलेना."

"मग?"

"मी मुद्दाम ओळखलं नाही. म्हटलं, सांग, काय हवंय?"

"मग?"

"मग तो रडायला लागला, आणि मी ओळखलं."

"काय हवं होतं?"

"फोन. त्यातला बाप हवा होता."

मागे तिच्या खोलीतली किटली ऐकू येत होती.

"आदिलेतचं उत्तर आलं?"

"आलं. येतो म्हणतो. वसंतात."

"कोणत्या वसंतात?"

"तेच विचारलंय, आपा," ती म्हणाली. "आता तो लिहितोय असं लॅपटॉपवर दिसतंय. मघापासून दिसतंय."

आम्ही दोघी फोन कानाला लावून बसून राहिलो.